लगेच फोटो काढला

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीतला शब्दन् शब्द खरा आहे! एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझ्या चष्म्याच्या दोन्ही काचा आत्ताच्या आत्ता तडकू देत. …बघा, तडकल्या? नाही ना? मग गपगुमान ऐका. आणि मध्येच "असं कुठं असतं का" म्हणायचं नाही. असतं.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक तरुण चष्म्याच्या दुकानात शिरला आणि थेट प्लास्टिकच्या मुंडक्याशी बोलायला लागला.

मुंडकं म्हणजे काउंटरवर फ्रेम मांडायला ठेवतात ना, ते. लाल ओठांचं, गुळगुळीत डोक्याचं. त्याला नवी निळी फ्रेम घातलेली होती. तरुण त्याच्यापुढे अदबीनं उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार ताई. जरा घाईत आहे हो. काल मी माझ्याच चष्म्यावर बसलो."

मुंडकं काही बोललं नाही.

"म्हणजे मुद्दाम नाही बसलो," तो घाईघाईनं म्हणाला. "खुर्चीत होता. मला दिसला नाही, कारण… डोळ्यावर चष्मा नव्हता."

मुंडकं गप्पच.

"रागावलात का ताई?"

"ती नाही रागवत," मागून आवाज आला. "गळ्याच्या खाली काहीच नाहीये तिला. राग ठेवणार कुठं?"

हा आवाज भिंगरीचा. दुकान तिच्या आत्याचं, आणि ती लहानपणापासून तिथेच भिंगांमध्ये वाढलेली. त्यातून एका जागी दोन मिनिटं उभी राहील तर शपथ. म्हणून भिंगरी. काचा घासण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोळे मिटून काच घासायची आणि ती फ्रेममध्ये अशी बसायची, की फ्रेमच काचेचं अंग आहे असं वाटावं.

तरुण आवाजाच्या दिशेनं वळला आणि या खेपेला छत्र्यांच्या स्टँडला नमस्कार केला. भिंगरीनं ओढणी तोंडात कोंबली. हसू आवरेना. पण का कोण जाणे, त्याची दयाही आली. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी चांगला वीतभर पेचकस खोवलेला होता.

"शनिवारी दुपारी अडीचच्या बसनं मी चाललोय," तो सांगत होता. "कायमचाच. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी मिळतेय. इथं झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून मोबाईल, टॅब दुरुस्त करायचो, तर त्यांना आता जागा हवीय. शनिवारच्या आत चष्मा झाला तर बरं होईल. नाहीतर तिथं काय, स्क्रू समजून माणसं पिळायला लागेन."

"होईल की. सहा दिवस आहेत," भिंगरी म्हणाली. "बसा इथं. आधी नंबर काढते तुमचा."

तो ताठ बसला, घसा साफ केला आणि मोबाईल नंबरचे दहाच्या दहा आकडे खणखणीत आवाजात म्हणून दाखवले.

"अहो… चष्म्याचा!"

त्याचे कान असे लाल झाले, की समोरच्या रस्त्यावर एक रिक्षा थांबली. सिग्नल समजून! हसू नका, मी सांगतेय ना. आणि गंमत बघा, जिला स्वतःच्या घराचा पत्ता सांगताना मजला आठवत नाही, त्या भिंगरीला ते दहा आकडे एका ऐकण्यात पाठ झाले.

तिनं त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. त्यानं वरचं मोठं अक्षर वाचलं. दुसरी ओळ वाचली. तिसरी. चौथी. अगदी खालची मुंगीएवढी ओळ वाचली. मग पाटी छापणाऱ्याचं नावही वाचलं.

भिंगरीनं वळून पाहिलं. साहेबांनी मोबाईल वर धरून पाटीचा फोटो काढला होता, आणि तो बोटांनी मोठा करून नाकाला लावून वाचत होते.

"काय करताय हे?"

"सवय झालीय हो, जुन्या चष्म्यातूनही कमीच दिसायचं. काही दिसलं नाही की मी फोटो काढतो आणि मोठा करून बघतो. बसची पाटीसुद्धा अशीच वाचतो."

"आणा तो इकडे!" तिनं मोबाईल काढून घेतला, आणि एकेक काच बदलत विचारायला लागली. "आता बरं दिसतंय, की मगाचं बरं होतं?"

"आता…" तो म्हणाला. तिचा चेहरा त्याच्यापासून वीतभर लांब होता.

"आणि आता?"

"आता तर… फारच बरं."

"मी अक्षरांबद्दल विचारतेय."

"मीपण… अक्षरांबद्दलच बोलतोय," तो म्हणाला. पण पाटी समोर होती आणि तो उजवीकडे बघत होता.

मग फ्रेम निवडायची वेळ आली. आता ज्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, त्याला रिकामी फ्रेम घालून आरशापुढे उभं केलं तर काय दिसणार? धुकं! म्हणून या दुकानात टॅबवर गिऱ्हाईकाचा फोटो काढायचे आणि मोठा करून त्याच्या हातात द्यायचे. आणि तो टॅब… काय सांगू तुम्हाला त्या टॅबची कथा! एवढा म्हातारा, की एकदा काळ्याभोर मिशांचा एक माणूस फोटोला उभा राहिला, आणि फोटो उमटेपर्यंत त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. निम्मीच दाढी करून आलेला एक जण तर पूर्ण दाढी वाढवून घरी गेला.

आत्या टॅब घेऊन पुढे आली. कॅमेरा उघडायला बोट लावलं, तर हवामान उघडलं.

"आभाळ दाखवतोय मेला! मला गिऱ्हाईकाचं थोबाड दाखव!" तिनं परत बोट लावलं. आता होकायंत्र आलं. "उत्तर कुठं आहे विचारलं का मी तुला?"

"जरा बघू," पेचकसवाला म्हणाला. त्यानं टॅब हातात घेतला, पाठ चाचपली, कडा चाचपल्या. न बघता सुद्धा ओळखीच्या माणसाचा हात धरावा तसं. मग स्क्रीनला इतकं तोंड लावलं, की नाकानं गजर सुरू झाला. सगळं दुकान दणाणलं.

"एकसष्ट," गजर बंद करून तो म्हणाला. "एकसष्ट आयकॉन आहेत नुसते पहिल्या पानावर! अहो, धापा नाही टाकणार तर काय करील? म्हातारा आहे. पहिल्या पानावर ज्याच्यावाचून अडतं तेवढंच ठेवायचं. बाकी सगळं मागच्या पानांवर."

"मग द्या ना लावून," भिंगरी म्हणाली.

"दिलं असतं. पण मला कुठं दिसतंय?"

"मी दिसते ना तुमच्याऐवजी… म्हणजे, बघते! मी बघते ना तुमच्याऐवजी!"

आत्यानं चष्म्यावरून भाचीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग मुंडक्याकडे पाहिलं, कारण तिथं तेवढंच एक डोकं ठिकाणावर होतं.

ठरलं ते असं. रोज दुपारी तीन ते चार गिऱ्हाईक नसतं, त्या वेळात यानं यायचं आणि टॅब लावून द्यायचा. आत्यानं पुढे होऊन निळ्या फ्रेममधला त्याचा एक फोटो काढला, फ्रेम पसंत पडली, आणि तो गेला. जाताना दाराऐवजी आरशात शिरत होता. भिंगरीनं दंडाला धरून वळवला.

मंगळवारी तो आला. दोघं काउंटरवर टॅब मध्ये ठेवून बसली.

"बोट ठेवा," तो म्हणाला. "आता दाबून धरा. सोडू नका. थरथरायला लागलं का?"

"हो…"

"थरथरतंय ना?"

"कोण?"

"आयकॉन हो!"

"हां… आयकॉन. हो, तोपण."

"आता अलगद उचला आणि न्या कडेला. हळू… अजून… पान उलटलं की सोडा."

हवामान दुसऱ्या पानावर गेलं. मग होकायंत्र गेलं. मग कधीकाळी आत्यानं चुकून उतरवून घेतलेला फळं कापायचा खेळ गेला. तेवढ्यात चार वाजले. एका तासात तीन आयकॉन! भिंगरीला नवलच वाटलं. मनात म्हणाली, हा मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाणार? या वेगानं तिथं दुपारच्या चहापर्यंत तरी टिकेल का?

पण तो निघून गेल्यावर दुकान उगाचच मोठं वाटायला लागलं. त्या मोठ्या दुकानात ती चाकावर त्याची काच घासायला बसली, आणि काय झालं कोण जाणे, काच जास्तच घासली गेली. फ्रेममध्ये खुळखुळा वाजायला लागला.

बुधवारी चार आयकॉन हलले. त्यातला एक त्यानं परत जागेवर आणायला लावला. "हा इथं बरा वाटतो की तिथं?" असं म्हणत तो आयकॉन पाच वेळा फिरवला. त्या गडबडीत दोघांची बोटं एकाच आयकॉनवर आली. दोघांनीही दाबून धरली… पान काही उलटलं नाही. त्या दिवशी भिंगरीनं नवी काच घेतली, ती उजव्या डोळ्याची डाव्याच्या मापानं घासली.

"भिंगरे," आत्या म्हणाली, "हाताला काय झालंय तुझ्या?"

"काच वाईट आहे, आत्या."

"काच बरी आहे. लक्षण वाईट आहे."

भिंगरी स्वतःच चक्रावली होती. प्रेम म्हणावं, तर ओळख तीन दिवसांची. प्रेम नाही म्हणावं, तर तीन वाजायच्या आधी दहा मिनिटं वेणी सोडून परत का घालायची? ती पण अशा माणसासाठी, ज्याला वेणी दिसतच नाही! आणि काच… काच झाली की तो जाणार. हे तिला माहीत होतं. हाताला माहीत होतं की नाही, देव जाणे.

गुरुवारी मात्र, परवाच बस आहे हे आठवून, उरलेले सगळे एका दमात हलले आणि पहिल्या पानावर एकटा कॅमेरा उरला. तो नीट उघडतोय का ते बघायचं होतं.

"तुमचा काढू का एक?" त्यानं विचारलं. अगदी खालच्या आवाजात.

"काढा… चालतोय का बघायला."

"हो. बघायलाच."

त्यानं काढला. मग म्हणाला, मागचं चित्र कसं बदलतात तेही दाखवतो. आणि दाखवलं. स्क्रीनभर भिंगरी पसरली. एक डोळा मिटलेला, एक उघडा, तोंडाचा चंबू.

"अगं बाई!" भिंगरी ओरडली. "काढा! काढा काढा!"

खटक. त्यानं अजून एक काढला.

"अहो, काढा ना!"

खटक. खटक.

"काय करताय? काढा म्हणते ना!"

"काढतोय ना! हलू नका, धूसर येतायत!"

अकरा फोटो झाले. शेवटी आत्या आतून आली. "अरे शहाण्या, ती 'काढून टाका' म्हणतेय. तू काढतच काय सुटलायस?"

तो आधी गोरामोरा झाला, मग इतका हसला, इतका हसला, की भिंगरीलाही हसू फुटलं. हसता हसता त्यानं फोटो काढून टाकला, मागे नुसता निळा रंग राहिला. आणि हसू एकदम थांबलं. कारण टॅबचं काम संपलं होतं.

"झालं मग," तो म्हणाला.

"झालं," ती म्हणाली.

"चष्मा…?"

"होईल उद्या."

"हो. परवा बस आहे ना…" त्याला अजून काही बोलायचं होतं बहुतेक. पण त्यानं छत्र्यांच्या स्टँडकडे बघून मान हलवली आणि गेला.

मग भिंगरीनं काय केलं? आत्या आत गेलेली पाहिली, टॅब उघडला आणि सोमवारचा तो निळ्या फ्रेममधला फोटो मागचं चित्र म्हणून लावून टाकला. ज्याच्यावाचून अडतं ते पहिल्या पानावर ठेवायचं असं त्यानंच सांगितलं होतं. तिनं नुसतं ऐकलं. सकाळी आल्या आल्या बदलू, असं तिनं ठरवलं होतं.

पण शुक्रवारी सकाळी ती एका बाईंचा चष्मा पोचवायला गेली, आणि परत येते तर काउंटर रिकामं.

"टॅब कुठंय?"

"तो घेऊन गेला," आत्या म्हणाली. "पाठ फुगल्यासारखी लागली म्हणे परवा हाताला. जायच्या आधी बॅटरी बदलून देतो म्हणाला. चांगला आहे गं पोरगा. जाता जाता मला नमस्कार म्हणून पंख्याला करून गेला."

भिंगरीच्या पायांखालची फरशीच सरकली. तो टॅब उघडणार! पहिल्या पानावर स्वतःचं तोंड बघणार! अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. तिनं एका आजोबांना बायकी फ्रेम दिली. ते खूश होऊन घरी गेले. शेवटी चार वाजता मोबाईल वाजला. मंगळवारपासून दोघं 'किती वाजता येऊ', 'या तीनला' असे निरोप पाठवत होती, त्याच्याच खाली हा आला.

"स्क्रीनवर माझाच फोटो आहे बहुतेक. लगेच फोटो काढला. रागावू नका. टॅब उद्या आणून देतो."

लगेच. काढला.

भिंगरीनं तीनदा वाचलं. लगेच काढला! थोडा वेळसुद्धा ठेववला नाही त्याला. वर 'रागावू नका'. म्हणजे सगळं कळलं होतं, आणि कळल्यावर काढून टाकला होता. कालच या शब्दानं एवढा धिंगाणा घातला होता हो! पण मन दुखलं की माणसाला शब्दाची एकच बाजू दिसते.

तिनं उत्तर लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. शेवटी पाठवलं ते हे, "बरं झालं. मीच काढणार होते. चष्मा तयार आहे, घेऊन जा."

आणि मग चाकावर बसली. चार दिवस जी काच धड होत नव्हती, ती अर्ध्या तासात झाली. अशी बसली फ्रेममध्ये, की फुंकर जाणार नाही.

"आज हात बरा चालला," आत्या म्हणाली.

"काच चांगली होती," भिंगरी म्हणाली आणि आत निघून गेली.

शनिवारी दोन वाजता तो आला. पाठीवर मोठी बॅग, हातात टॅब. भिंगरी आतल्या खोलीत, पडद्याच्या मागे, काच नसलेल्या चाकावर उगाचच हात फिरवत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

आत्यानं त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, कानामागे दांडी बसवली. "टोचतंय का?"

"नाही… बरोबर आहे." त्याची पावलं मुंडक्यापाशी येऊन थांबली. दुकान बघत असणार. "हिच्याशी बोललो होय मी?"

"आणि स्टँडशी. आणि पंख्याशी."

"त्या… नाहीत का?"

"आहे. कामात आहे."

पडद्यामागे भिंगरीनं चाक सोडलं. आता उठावं की नाही? उठून काय बोलावं? ज्यानं लगेच काढून टाकला, त्याच्यापुढे कोणतं तोंड घेऊन उभं राहावं?

"नाही, काही नाही," तो बाहेर म्हणत होता. "फक्त… त्या तपासणीच्या काचांतून ओझरतं सोडलं, तर मी त्यांना एकदाही नीट पाहिलेलं नाही. चार दिवस शेजारी बसलो, पण मला नुसता रंग दिसायचा आणि आवाज यायचा. म्हटलं जायच्या आधी… असू दे. त्यांना सांगा, चष्मा फार छान झालाय. सांगाल ना?"

"सांगीन," आत्या म्हणाली.

दाराची घंटी किणकिणली. गेला.

"ऐकलंस का गं?" आत्यानं पडद्याला विचारलं.

पडदा काही बोलला नाही.

"बरं. मग बाहेर ये आणि म्हाताऱ्याला चालू कर. माझं बोट लागलं की त्याला आभाळ आठवतं."

भिंगरी डोळे पुसत आली. टॅब चालू केला. नवी बॅटरी घातली म्हणून काय म्हातारा तरुण होतो? आधी काळं. मग राखाडी. मग एक गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय… समोर रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर माणसं जमा व्हायला लागली होती. घड्याळात सव्वादोन झाले. गोल फिरतंय. दोन वीस झाले. आणि मग स्क्रीन उघडली.

पहिल्या पानावर खाली एकटा कॅमेरा. आणि मागे, कडेपासून कडेपर्यंत, निळ्या फ्रेममध्ये… तो. जसा तिनं लावला होता तसाच. केसभर हललेला नाही.

"आत्या… हा तर म्हणाला होता लगेच फोटो काढला!"

"मग काढलाच असेल," आत्या म्हणाली. "दुसरं करतो काय तो? घड्याळात किती वाजले बघायला फोटो काढतो. काल माझा चेहरा ओळखायला माझा काढला. दिसत नव्हतं ना त्याला, टॅबवर काय आहे ते."

भिंगरीनं आत्याकडे पाहिलं. मोबाईलवरच्या निरोपाकडे पाहिलं. 'माझाच फोटो आहे बहुतेक.' बहुतेक! अगं बाई, बहुतेक…

आणि पळाली. कमरेला कामाचं ॲप्रन, केसात पेन्सिल, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात आत्याची. आणि पाऊस! काय पाऊस लागला होता म्हणून सांगू, जणू वर कुणीतरी टाकीचा नळ उघडून झोपी गेलं होतं. रस्त्याला नदी आलेली. त्यातून ती छपाक छपाक करत निघाली. पलीकडे बस येऊन उभी राहिली होती, आणि निळ्या फ्रेमचा माणूस पाठमोरा पायरीवर पाय ठेवत होता.

"थांबा!" ती ओरडली.

पिशवीवाल्या एक बाई वळल्या. "हो हो, हाच थांबा. सगळ्या गाड्या इथंच लागतात."

"तसं नाही हो… थांबा!"

"सांगतेय ना, हाच!" बाई म्हणाल्या. एका गृहस्थांनी तर पाटीवर बोट ठेवून दाखवलं. तीच पाटी, मोठ्या अक्षरात, थांबा.

तो दुसरी पायरी चढला. लोक आपसात बोलतायत, कुणीतरी थांबा विचारतंय, त्याला काय त्याचं! भिंगरीच्या मनात सगळा गुंता झाला. साहेब म्हणावं? पेचकस म्हणावं? अहो म्हणावं, तर अहो तर सगळेच असतात. आणि मग मराठीत जेवढा एक शब्द उरला होता, तो ती पोटापासून ओरडली.

"थांब!"

पायरीवरचा माणूस जागच्या जागी थिजला. त्याला असं रस्त्यात, चार माणसांदेखत 'थांब' म्हणणारं त्या गावात कुणी नव्हतं. तो वळला. खाली उतरला. सावकाश, जणू पायरी मोडेल.

"मला… म्हणालात?"

"तुलाच! काढला म्हणजे काढून टाकला नव्हतास ना?"

"काढून टाकीन कशाला? माझा फोटो तुझ्या पहिल्या पानावर आहे, हे डोळ्याला खरं वाटेना. म्हणून माझ्या मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढला आणि मोठा करून बघितलं. तू तर म्हणालीस, बरं झालं, मीच काढणार होते."

"मला वाटलं तू काढलास!"

"काढलाच ना!"

"तसा काढला नाही रे, असा काढला… जाऊ दे! आणि तुला काय वाटतं, मला चष्मा करता येत नाही?"

"वाटलं होतं जरासं," तो कबूल झाला. "आत्या म्हणाल्या, दोनदा बिघडला म्हणून. मी मनात म्हटलं, बिचारी शिकतेय."

"शिकतेय? डोळे मिटून करते मी! आणि तू? एकसष्ट आयकॉन हलवायला तीन दुपारी?"

"एकसष्ट आयकॉन मी पाच मिनिटांत हलवतो," तो म्हणाला. "न बघता."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. त्याच्या नव्याकोऱ्या काचांवरून पाणी ओघळत होतं.

"काही दिसत नाहीये," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा नीट बघणार होतो, आणि…"

"इकडे दे." तिनं चष्मा काढला, ॲप्रनच्या कोरड्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या आणि परत त्याच्या डोळ्यांवर ठेवला. दांड्या कानामागे बसवताना तिची बोटं तिथं कामापेक्षा जरा जास्तच राहिली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिला.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली.

"तू फोटोत दिसतेस त्यापेक्षा… गोंधळलेली दिसतेस."

"मग! गोंधळच आहे सगळा. मला काही कळत नाहीये. तू गेलास तर मी मुंडक्याशी बोलत बसेन. हे प्रेमच असेल तर तसं सांग, म्हणजे मी एकदाची शांत होईन."

"प्रेमच आहे," तो म्हणाला. "माझ्या बाजूनं तरी. मी तपासून घेतलंय… मोठं करून."

कंडक्टर ओरडला, "ओ चष्मा! येताय का?"

भिंगरीनं खाली पाहिलं. दोन वेगवेगळ्या चपलांकडे. "नोकरी…?"

त्यानं खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि तिच्याकडे बघत बघत बोलला. "हॅलो साहेब… नाही, नाही निघालो. येणंच होत नाही. काय करणार साहेब, चष्मा झाला नाही अजून."

बस गेली. त्यानंतर दुसरी गेली. तिसरीचं मला ठाऊक नाही, कारण तोवर आत्या स्वतः रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, "एका पायात माझी चप्पल आहे ती दे. आणि तुझं ते दुरुस्तीचं टेबल आण मुंडक्याशेजारी, जागा रिकामीच आहे. रस्त्यात काय उभे राहिलायत थांब्याचे खांब असल्यासारखे?"

तर अशी ही गोष्ट. अक्षरन् अक्षर खरी. रिक्षा थांबली होती, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, टॅबवरून उतरवून घेतलेले ते अकरा फोटो अजून त्याच्या मोबाईलमध्ये आहेत… फक्त एक, आता माझ्या चष्म्याच्या काचा तडकायला नकोत म्हणून सांगून टाकते. पाऊस तेवढा मी पदरचा घातलाय. त्या दिवशी रस्त्यावर लख्ख ऊन होतं, थेंब म्हणून पडला नव्हता.

काचा मात्र ओल्या होत्या.